पोळ्याच्या दिवशी न दाबायचं बटन

मी काय करते, हे मला माझ्या सख्ख्या बहिणीलाही अजून नीट सांगता आलेलं नाही. आमच्या कारंजा गावात मला 'टायपिंगवाल्या मॅडम' म्हणतात. चोवीस वर्षं क्लास घेतला, आधी टायपिंगचा, नंतर कॉम्प्युटरचा, म्हणून ते नाव चिकटलं. क्लास बंद पडला, नाव राहिलं. आता बहीण लोकांना सांगते, "ताई पोट्ट्यायचे खेळणे दुरुस्त करते." एकसष्टाव्या वर्षी ही ओळख मला काही वाईट वाटत नाही, पण ती अर्धीच खरी आहे.

खरं ते असं. तीसेक वर्षांपूर्वी हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या डब्या मिळायच्या, आठवतात का? राखाडी रंगाच्या, विटेएवढ्या जड, हिरवट पडद्याच्या. डावीकडे फुलीसारखं एक बटन, उजवीकडे दोन गोल. मागे कॅसेट खुपसायची. त्या डब्या अजून लोकांच्या कपाटात, माळ्यावर, भंगारवाल्याच्या पोत्यात पडलेल्या आहेत. मी त्या गोळा करते, सेलच्या स्प्रिंगांचा गंज काढते, पडद्यावरच्या रेघा घालवते, आणि त्यांच्यासाठी नवे खेळ लिहिते. नवे म्हणजे कुणाच्या तरी दुकानाची जाहिरात करणारे. दुकानदार त्या डब्या काउंटरवर ठेवतो किंवा गिऱ्हाइकाला भेट देतो.

लोक विचारतात, मॅडम, मोबाईलच्या जमान्यात हे कायले? तर ऐका. मोबाईलवर जाहिरात आली की माणूस ती अंगठ्यानं उडवतो. माझ्या डबीतली उडवता येत नाही, कारण जाहिरात हाच खेळ असतो. शिवाय मोबाईल घेऊन माणूस कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि जुनी डबी हातात घेतली की चार जण खांद्यावरून वाकून "अरे, उडी मार, उडी मार" करायला लागतात. एका डबीत पाच गिऱ्हाइकं.

काम मात्र किचकट. त्या कॅसेटमध्ये जागा इतकी कमी असते की तुमच्या मोबाईलमधला एक फोटो तिच्यात मावणार नाही. रंग चारच, तेही हिरव्याचे. सगळं चित्र छोट्या छोट्या चौकटी जोडून करायचं, एक चौकट आठ ठिपके रुंद आणि आठ उंच. एवढ्यात मराठी अक्षर बसवून दाखवा. काना, मात्रा, वेलांटी सगळे एकमेकांच्या डोक्यावर बसतात. एक झाड काढलं की तेच झाड पुन्हा पुन्हा वापरायचं. माझ्या खेळात जंगल दिसलं तर समजा एकच झाड आहे आणि ते फार पळतंय.

आता जागेची ही कंजुसी करता करता माणसाला वाईट सवयी लागतात. मला लागलेली सवय म्हणजे आत तोच खेळ, वर दुसरी पाटी.

पहिलं मोठं काम दिलं ते कारंज्याच्या एका दातांच्या डॉक्टरनं. त्यांच्या खोलीबाहेर पेशंट रडवेली तोंडं करून बसायचे. मी खेळ केला: वरून किडे पडतात, खाली ब्रश सरकवून ते झेलायचे, दात वाचवायचे. खेळ इतका चालला की आतून नाव पुकारलं तरी माणूस उठेना. "माया नंबर मांगं करा," म्हणायचे लोक. एक गृहस्थ तर दात दुखत नसताना रोज येऊन बसायला लागले. डॉक्टरांनी शेवटी डबीला साखळी लावली आणि गृहस्थांना तपासलं, तर दोन दाढा खरंच किडलेल्या निघाल्या. दोघांनीही मला दुवा दिल्या.

मग एका कृषी केंद्राला खेळ हवा होता. मी दाताच्या जागी कपाशीचं झाड काढलं, किड्याचं नाव अळी केलं, ब्रशच्या जागी फवारणीचा पंप. झालं, दोन दिवसांत नवा खेळ. कौतुक करून घेतलं. आठवड्यानं एक शेतकरी दुकानात विचारता झाला, "बाकी सगळं बरोबर हाय, पण पाचव्या फेरीले कपाशीत हा ब्रश कायचा येते?" एक ब्रश बदलायचा राहिला होता. दुकानदार हजरजबाबी. म्हणाला, "ते आमच्याकडचं नवीन औषध हाय, पुढच्या हंगामाले येईन." मी तोंडाला पदर लावून बाहेर पडले.

एका गावच्या निवडणुकीतल्या उमेदवारानं खेळ सांगितला, पण अट अशी की खेळात त्यांचा माणूस हरता कामा नये. मी समजावलं की न हरण्याचा खेळ कुणी खेळत नाही. ऐकेनात. मी त्यांना भिंतींनी न अडणारा, खड्ड्यात न पडणारा, शत्रूला न घाबरणारा माणूस करून दिला. भिंत अडवत नाही म्हटल्यावर तो चालत चालत पडद्याच्या बाहेर गेला आणि परत आलाच नाही. कार्यकर्ते खिदळायला लागले. निवडणुकीचं काय झालं ते मी विचारलं नाही, कामाच्या ठिकाणी काही गोष्टी विचारायच्या नसतात.

हे सगळं हसण्यावारी गेलं. सवयीनं मला खरा धडा शिकवला तो आसेगावात.

भास्करराव माझ्याकडे आले ते गालात कापूस धरून. त्याच डॉक्टरकडे दाढ काढली होती, डबी खेळली होती, आणि तोंड अर्धं सुन्न असतानाच पत्ता विचारत आले. माणूस पंचेचाळिशीचा, सडपातळ, खांदे मात्र पैलवानाचे. बावीस वर्षं त्यांनी मंगरुळपीरच्या एका शेठच्या दुकानात ढेप मोजली होती. ढेप म्हणजे सरकीचा चोथा, गाई-बैलांचा खुराक. पोती उचलायची, काट्यावर टाकायची, गिऱ्हाइकाच्या गाडीत फेकायची. आता त्यांनी गावातच, आसेगावात, स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं होतं. उद्घाटनाला गावातल्या आणि आसपासच्या चाळीस बैलजोडीवाल्यांना एकेक डबी भेट द्यायची होती.

खेळ ठरला शंकरपटाचा. आपल्याकडची बैलांची शर्यत, वेगळं सांगायला नको. भास्कररावांची ढेप खाल्लेला बैल पळतो, एक बटन दाबलं की गाडीवाला पराणी, म्हणजे अणकुचीदार काठी, टोचतो, बैल जोर धरतो, शेवटी गव्हाणीपाशी पोचून ढेप खातो. रस्त्याकडेला दर थोड्या अंतरानं पाटी: 'भास्कर ढेप भांडार, आसेगाव'. मी जीव लावून केला तो खेळ. बैलाच्या वशिंडाची हालचाल जमवायला मला चार दिवस लागले.

उद्घाटन दिवाळीला होतं. पण श्रावण संपत आला तसा भास्कररावांचा फोन आला. शटर बसलं होतं, माल येऊन पडला होता, आणि वडील म्हणत होते की ढेपीचं दुकान पोळ्यालाच उघडावं. मी म्हटलं, काही हरकत नाही. पहिल्या पडद्यावर 'दिवाळीच्या शुभेच्छा' होतं, तिथे 'पोळ्याच्या शुभेच्छा' लिहिलं. एक तोरण काढलं. काम संपलं. त्याच फोनमध्ये त्यांनी मनातली भीतीही सांगितली होती.

"मॅडम, शेठले बलावनं तं द्याच लागते. बावीस वर्षं त्याचं मीठ खाल्लं. पण तो समोर बसला तं लोकं मायाकून पोतं नाई घेनार. समद्यायचं खातं त्याच्याकडे हाय, त्याचं तोंड पाह्यतीन. अन् पोळ्याले बोहनी नाई झाली तं गावात मनतीन, भास्करचं काई खरं नाई. मंग मले दसऱ्यापावेतो त्याच्याच काट्यावर उभं राहा लागन."

मी म्हटलं, काळजी करू नका, डब्या पाहून लोक खूश होतील.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खोकी घेऊन मी एस.टी.नं आसेगावात उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. दुकानामागे भास्कररावांचं घर. अंगणात त्यांचे वडील, आबाजी, बैलांची खांदमळणी करत होते. पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळायची, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात तिथे. चोळता चोळता आबाजी बैलाला पाहुण्याला द्यावं तसं उद्याच्या जेवणाचं आवतण देत होते. बैल मान हलवत होता. फार छान वाटलं ते बघायला.

हात पुसून आबाजी बाजेवर बसले. भास्कररावांनी कौतुकानं पहिली डबी त्यांच्या हातात दिली आणि कुठलं बटन दाबायचं ते दाखवलं. आबाजींचं वय अठ्ठ्याहत्तर, पण नजर घारीची. त्यांनी पोळ्याच्या शुभेच्छा वाचल्या, तोरण पाहिलं, मान डोलावली. मग बटन दाबलं. पुन्हा दाबलं.

"हे कोन टोचून राह्यलं त्याले?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच, आबाजी. ते बटन दाबलं की गाडीवाला पराणी..."

"मी?"

त्यांनी डबी बाजेवर ठेवली आणि अंगठा धोतराला पुसला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "मॅडम, याच हातानं आत्ता त्याच्या खांद्याले लोनी लावलं म्या. अन् उद्या तुमी चाळीस मानसायले त्याले गाडीले जुपाले अन् टोचाले लावता?"

खांदमळणीपासून पोळा सरेपर्यंत बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, त्याला मारायचं तर नाहीच नाही, हे आपल्या वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत. मलाही माहीत. माझ्या बापाच्या घरी तीन जोड्या होत्या. पण मी वरची पाटी बदलली आणि आत काय पळतंय ते बघितलंच नाही. दिवाळीला चाललं असतं, संक्रांतीला चाललं असतं. वर्षातला एकच दिवस असा की त्या दिवशी हा खेळ शिवीसारखा लागेल, आणि नेमका तोच दिवस मी त्याच्यावर लिहून ठेवला होता.

भास्कररावांनी उघडलेलं खोकं पुन्हा सुतळीनं बांधायला घेतलं. त्यांच्या हाताला पोती बांधायची सवय, गाठ एका झटक्यात बसली. मला रडू आलं. आणि रडू आलं की मी चुकीचं बोलते, तशी बोलले, "आबाजी, शेवटी खेळ आहे हो तो."

"खेळ हाय ना? मंग खेळातबी एक दिवस सुट्टी द्या त्याले," आबाजी म्हणाले.

मी डोळे पुसले. म्हातारा सहज बोलून गेला होता, पण ते करता येण्यासारखं होतं. माझ्या कॅसेटा पुसून पुन्हा लिहिता येतात, आणि लिहायचं यंत्र माझ्या पिशवीत कायम असतं. भास्कररावांना मी गाठ सोडायला लावली.

दुकानात ढेपीच्या पोत्यांवर बसले, लॅपटॉप नव्या काट्यावर ठेवला, आणि आबाजींना शेजारी बसवून घेतलं. नवीन चित्रं काढायला वेळ नव्हता. हाताशी जे होतं त्यातच भागवायचं होतं: पळणारा बैल, चालणारा बैल, आणि शर्यत हरल्यावर बसलेला बैल. गाडी, गाडीवाला आणि पराणी आधी पुसून टाकली. बैल मोकळा झाला. आता बटनाचं काय करायचं?

मी म्हटलं, बटन दाबलं तर काहीच होऊ नये असं करते. आबाजी म्हणाले, मग लोक म्हणतील डबी बिघडली. विचार केला. मग मी असं केलं की कुठलंही बटन दाबलं की बैल खाली बसतो. हात काढला की थोड्या वेळानं आपला आपण उठतो आणि चालायला लागतो. म्हणजे जिंकायचा मार्ग एकच, काहीही न करणं.

आबाजींनी करून पाहिलं. बैल बसला. अंगठा काढला. बैल उठला. "आता बरोबर," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन एवढ्या घाईनं कुठी चालला पोळ्याच्या दिवशी?" मी वेग कमी केला. अजून कमी करायला लावला. शेवटी गव्हाणीपर्यंत पोचायला बैलाला पुरी तीन मिनिटं लागायला लागली. मी कुरकुर केली की तीन मिनिटं नुसतं बैलाकडे कोण बघत बसेल. पण आबाजींनी सत्तर वर्षं दुसरं केलं काय होतं?

सहा वाजेपर्यंत चाळीस कॅसेटा लिहून झाल्या. सगळ्या कारकिर्दीत मी इतका निर्लज्ज खेळ केला नव्हता. बटनं असलेल्या यंत्रासाठी बटन न दाबायचा खेळ.

दुसऱ्या दिवशी पोळा भरला. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, बेगड लावलेली शिंगं, झुली, कपाळाला बाशिंगं, डफडं वाजतंय, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांची एकमेकांवर कुरघोडी चाललीय. पोळा फुटला, बैल घरोघर जेवायला गेले आणि माणसं दुकानापुढे जमली. दारातच मुहूर्ताचं पोतं मांडलं होतं, वीसेक किलोचं लहानसं, वर कुंकू आणि नारळ. शेठ आलेले, मधल्या खुर्चीत. साठीचे, पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या. वाईट माणूस नव्हे, पण समोरच्यानं उभं राहायचं ही त्यांना आयुष्यभराची सवय.

डब्या वाटल्या. तरण्या गड्यांनी सपासप बटनं दाबली आणि सगळ्यांचे बैल बसले. बोंबाबोंब. जिंकली कोण? भास्कररावांची काकू, कारण तिनं डबी उलटी धरली होती आणि तिचं बोट बटनावर पोचतच नव्हतं. मग लोकांना मर्म कळलं. चांगली मिशीवाली माणसं डबी तळहातावर ठेवून, आरतीचं ताट धरल्यासारखी, श्वास रोखून उभी राहिली. मी भिंतीला टेकून पोटभर हसले.

पण पोतं जागचं हलत नव्हतं. खेळ सगळे खेळत होते, पोत्याजवळ जात होते, आणि शेठकडे एक नजर टाकून मागे फिरत होते. भास्करराव काट्याला हात लावून उभे. पाऊण तास झाला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात शेठनंच डबी मागितली. त्यांनी अंगठा दाबला, बैल बसला. उठला, पुन्हा दाबला, पुन्हा बसला. आयुष्यभर हुकूम सोडलेला अंगठा तो, गप्प बसतोय थोडाच. "भास्कर, हे बिघडेल हाय," ते म्हणाले. मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

आबाजी त्यांच्यापाशी गेले आणि डबी त्यांच्या तळहातावर सपाट ठेवली. "शेठ, काई करू नका. नुसतं पाहा."

शेठनं पाहिलं. बैल चालू लागला. जागेच्या कंजुसीपायी माझ्या रस्त्यावर तेच झाड, तीच विहीर आणि तीच पाटी फिरून फिरून येते. पळत्या बैलाच्या खेळात ती पाटी कुणाच्या नजरेस पडली नसती. आता मात्र ती सावकाश यायची, पुरती वाचून व्हायची, तेव्हाच जायची. भास्कर ढेप भांडार, आसेगाव. भास्कर ढेप भांडार, आसेगाव. शेठचे ओठ हलत होते. तीन मिनिटांनी बैल गव्हाणीला लागला, आणि पडद्यावर आलं, 'जिंकलात'.

शेठनं डबी खाली ठेवली. "एवढ्या डाव तं म्या माह्या दुकानाचं नाव नाई वाचलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "दे रे भास्कर, एक पोतं."

भास्करराव धावले. बावीस वर्षांची सवय. नारळ बाजूला केला, वाकले, पोत्याचे दोन कोपरे मुठीत धरले, आता खांद्यावर टाकणार आणि शेठच्या गाडीत नेऊन ठेवणार.

"भास्कर, ठेव ते," आबाजी म्हणाले. "आज पोळा हाय."

भास्कररावांनी वर पाहिलं. मग हळूच मुठी सोडल्या आणि सरळ उभे राहिले. शेठनं इकडेतिकडे पाहिलं. ड्रायव्हर तोरणाकडे बैल बघायला गेला होता. कुणीही पुढे झालं नाही. शेठनं बाह्या वर सारल्या, वाकले, पोतं उचलून खांद्यावर घेतलं आणि गाडीपर्यंत स्वतः चालत गेले. पांढऱ्या शर्टावर कुंकू लागलं. गाडीचं दार लागायच्या आत इकडे चार जणांनी पोती मागितली, आणि आबाजींनी चौघांनाही उद्या यायला सांगितलं. भास्करराव काट्याशेजारी तसेच उभे होते, दोन्ही हात मोकळे, आणि ते कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.